बारकीचा वाफा

बारकीचं नाव दादाने ठेवलं तेव्हा ती चार दिवसांची होती आणि दादा चार वर्षांचा. पुढे वजनकाट्यावर तिने बऱ्यापैकी प्रगती केली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली, सगळ्या गावाची 'लॅबवाल्या ताई' झाली, पण घरात ती बारकीच राहिली. घरात म्हणजे दादासमोर. आई-वडील गेल्यावर घरात दोघंच उरली होती. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तसं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं होतं.

दादा एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. निवृत्त झाला तरी सवय सुटली नाही. सकाळी चहा झाला की लाल पेन घेऊन बसायचा आणि छापून घरी आलेल्या पेपरातल्या चुकांना गोल करायचा.

"छापून झालंय ना आता? दुरुस्त करून कुणाला दाखवणार?" बारकी विचारायची.

"कुणाला नाही. पण मला समजलं हे मला समजायला नको?" दादा म्हणायचा, आणि पुढच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे वळायचा.

हे लाल खुणांचे पेपर तो टाकू द्यायचा नाही. सुतळीने बांधून त्यांचे गठ्ठे त्याच्या पलंगाखाली, मग कपाटावर, मग खोलीच्या कोपऱ्यात चढत गेले. बारकीने त्यावरून कितीतरी वेळा डोकं फोडून घेतलं, पण गठ्ठे काही हलले नाहीत.

हलला तो दादा. बासष्टाव्या वर्षी.

झालं असं, की त्याच्या चष्म्याची दांडी सैल झाली. बारकीनेच त्याला चौकातल्या चष्म्याच्या दुकानात पाठवलं. तिथल्या बाईंनी दांडी घट्ट करून दिली. पंधरा दिवसांत ती पुन्हा सैल झाली. मग नाकावरची गादी निखळली. मग काचेवर चरा दिसायला लागला, जो बारकीला कधीच दिसला नाही. तीन महिन्यांत दादा आठ वेळा त्या दुकानात गेला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बोटभर काचेवर काय काय दिसतं हे जिने आयुष्यभर पाहिलं, त्या बारकीला समोरची एवढी मोठी गोष्ट दिसली नाही.

दादाचं त्या बाईंशी लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून बारकीने सही केली. सगळे तिला म्हणाले, किती मोठ्या मनाची बहीण! शेजारच्या एकीने तर तिला मिठीच मारली. कुणी मेलं असतं तर लोक चार दिवस येऊन बसले असते, जेवलीस का म्हणून विचारलं असतं. इथे सगळं आनंदाचं होतं. आनंदाच्या घरी कोण कशाला विचारपूस करायला येतंय?

वहिनीचं स्वतःचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दादा दोन बॅगा आणि पुस्तकांची सहा खोकी घेऊन तिकडे गेला. जाताना दारात उभं राहून म्हणाला, "गठ्ठ्यांना हात लावू नकोस हं बारके. येऊन नेतो."

"कधी?"

"नेतो गं. जरा बस्तान बसू दे."

पहिले काही दिवस तिने हाताला सवय म्हणून दोघांचं रांधलं. उरलेलं संध्याकाळी खाल्लं, त्यातूनही उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यानंतरचं डोळे मिटून टाकून दिलं. मग तिने लॅबमधल्यासारखं मोजमाप सुरू केलं. अर्धी वाटी, पाऊण वाटी. एका माणसाचं जेवण इतकं थोडं असतं की ते भांड्याच्या तळालाच चिकटून बसायचं. तिने लहान पातेलं शोधलं. घरात लहान पातेलंच नव्हतं.

घराच्या मागच्या दाराबाहेर भिंतीला लागून जमिनीची एक पट्टी होती, आठ फूट लांब, चार फूट रुंद. दादाची सायकल तिथे लावलेली असायची. सायकलही गेली, आणि मागचं दार उघडलं की ती बोडकी पट्टी दिसायला लागली. एक दिवस बारकीने मनाशी म्हटलं, इथे काहीतरी लावावं. कुदळ आणून मारली, तर कुदळीने ठणकन आवाज केला आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

तिने मूठभर माती पिशवीत घालून रोपवाटिकेत नेली. नमुना नेल्याशिवाय निदान होत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. रोपवाटिकेतली बाई साठीची, रापलेली, बोलायला फटकळ. तिने पिशवीत बोट फिरवलं. विटांचे तुकडे, चुना, काचेची एक कपची.

"ही माती आहे?"

"मागच्या अंगणातली."

"ताई, हा घर बांधताना टाकलेला राडारोडा आहे. यात खिळासुद्धा उगवणार नाही."

"खणून काढू का?"

"या वयात? कंबर मोडून घ्यायचीय?" बाईने हात झटकले. "खणू नका. वर रचा. खाली पुठ्ठा अंथरायचा, चांगला भिजवून. त्यावर कागद. मग एक थर ओला, एक थर सुका. ओला म्हणजे भाजीची देठं, साली, हिरवं गवत. सुका म्हणजे पाचोळा, लाकडाचा भुसा. सुका दुप्पट घ्यायचा. गुडघ्याएवढं रचलं की वर चार बोटं शेणखत आणि गोणपाट. पाणी मारत राहायचं आणि वाट बघायची. खालून गांडुळं येतील, ती तुमचं खणायचं काम करतील."

"किती दिवस?"

"चार-पाच महिने."

"आणि तोवर?"

बाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तोवर काही नाही. कुजू द्यायचं. आणि शिजवलेलं अन्न टाकू नका, उंदीर येतात."

बारकी घरी आली आणि साली साठवायला लागली. आठवड्याच्या शेवटी बादलीत पाहिलं तर तळ जेमतेम झाकला होता. चार बटाट्यांच्या साली, दोन काकड्यांची टोकं, चहाचा चोथा. आठ बाय चारचा एक थर. एका माणसाच्या सालींनी तो भरायला वर्ष गेलं असतं. माणूस एकटा असला की त्याचा कचराही पुरत नाही, हे तिला त्या बादलीत डोकावताना कळलं.

मग मात्र तिने पदर खोचला. भाजीवाल्याकडे जाऊन म्हणाली, "कोबीचा वरचा पाला टाकू नकोस, मला दे."

"बकरी पाळलीत काय ताई?"

"हो. आठ फूट लांब आहे."

भाजीवाला हसला, आणि रोज एक पोतं बाजूला ठेवायला लागला. सुताराने भुसा दिला. शाळेचा शिपाई पाचोळा जाळायचा, त्याला तिने पोती नेऊन दिली. पुठ्ठ्यासाठी ती तिच्या जुन्या लॅबमध्ये गेली. निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. खिडकीत नवी मुलगी होती. तिने मान वर न करताच विचारलं, "रिपोर्ट न्यायचाय? नाव सांगा."

"रिपोर्ट नाही. मी इथेच..." बारकी थांबली. "रिकामी खोकी मिळतील का?"

"मागच्या दाराने विचारा."

मागचं दार तिला ठाऊक होतं. त्या दाराची कडी वर ढकलून मग ओढावी लागते, हेही ठाऊक होतं. हातमोज्यांची, सुयांची वीस-बावीस खोकी तिने घडी घालून रिक्षात भरली. घरी येऊन त्यांच्यावरच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोलल्या, पिना उपसल्या आणि पुठ्ठा टबात बुडवला.

पुठ्ठा अंथरून झाला. आता कागद हवा होता.

दादाच्या जाण्याला सव्वातीन महिने झाले होते. फोन आठवड्याला यायचा. "काय बारके, बरी आहेस ना?" असं तो विचारायचा आणि 'बरी आहे' या उत्तरासाठीच विचारायचा. गठ्ठ्यांचं नाव नव्हतं. एकदा तिनेच काढलं, तर म्हणाला, "नेतो गं, घाई काय आहे?"

त्या दिवशी दुपारी तिने त्याच्या खोलीत जाऊन पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली. कात्री वापरली, गाठ सोडवत बसली नाही. गुळगुळीत रंगीत पुरवण्या तिने वेगळ्या काढल्या, त्या कुजत नाहीत म्हणून. बाकीचे पेपर पाण्यात बुचकळून, एकावर एक सहा-सहा, कडा एकमेकींवर चढवून अंथरत गेली. अंथरताना नजर पडत होती. 'मंत्र्यांनि' वर लाल गोल. 'विद्यार्थि' वर लाल गोल. एका पेपरात दादाने समासात लिहिलं होतं, 'हे वाक्य माणसाने लिहिलेलं नाही.' तिला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. एका ठिकाणी तर त्याच्या नजरेतून सुटलेली चूक तिला सापडली. क्षणभर वाटलं, धावत जाऊन दाखवावी. मग तिने तो पेपर पालथा घातला आणि त्यावर झारीने पाणी सोडलं. लाल शाई पसरून फिकट गुलाबी झाली.

दोन दिवसांत सगळे गठ्ठे जमिनीवर आले. काही तळाला, काही फाडून मधल्या थरांत. खोली रिकामी झाली आणि तिच्यात बोलल्यावर आवाज घुमायला लागला, म्हणजे घुमला असता, कुणी बोललं असतं तर.

यायचंच तर ये आता, असं ती मनातल्या मनात दादाला म्हणत होती. ये, आणि विचार माझे गठ्ठे कुठे आहेत. तिची उत्तरं तयार होती. भांडी घासताना ती त्या भांडणाची उजळणी करायची. तो ओरडेल, ती ओरडेल, इतक्या वर्षांचं सगळं निघेल. त्या भांडणाची ती पाहुण्याची पाहावी तशी वाट पाहत होती.

वाफा मात्र काम करत होता. लॅबमधून निवृत्त होताना तिने एक लांब तापमापक आणला होता. तो काठीला बांधून ती रोज सकाळी थरात खुपसायची आणि आकडा वहीत लिहायची. एकतीस. छत्तीस. नवव्या दिवशी बेचाळीस. गोणपाट उचललं की वाफ तोंडावर यायची. घरात तेवढी एकच गोष्ट होती जिच्यावर हात ठेवला तर ऊब लागायची.

आणि मग वास सुटला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून ओणवून म्हणाले, "अहो ताई, खाली काही मेलंय का?"

"नाही हो, वाफा आहे."

"मग तो मेलाय."

तिने गोणपाट काढून पाहिलं. ओलं गवत तिने एकदम जाड घातलं होतं. त्याचा चिकट, काळपट पापुद्रा झाला होता आणि आत हवा जायला वाव नव्हता. भर उन्हात नाकाला फडकं बांधून तिने तो थर लोखंडी पंजाने फाडला, मोकळा केला, त्यात दोन पोती भुसा आणि पाचोळा कालवला. गृहस्थ वरून बघत होते. तिसऱ्या दिवशी वास गेला. चौथ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर झाकण घातलेली बादली होती. आत पपईच्या साली, आणि वर चिठ्ठी: 'चालेल का?' पाच माणसांच्या घरातली बादली होती ती. काठोकाठ.

दादा आला तो एका मंगळवारी, न कळवता. त्याला त्याचा जाड स्वेटर हवा होता. कपाटातून स्वेटर काढून तो वळला आणि त्याला कोपरा दिसला.

"गठ्ठे?"

"मागे आहेत."

तो मागच्या दाराशी गेला. तिने गोणपाट उचललं, खुरप्याने थोडं उकरलं. कोबीच्या पाल्याचा आता नुसता काळा भुगा होता. खाली पेपराची एक ओली कड दिसत होती.

"सगळे?"

"सगळे."

दादाने चष्मा वर केला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "बरं केलंस. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं. तिकडे जागाच नाही गं."

बस्स, एवढंच. बारकी म्हणाली, "तू हात लावू नकोस म्हणाला होतास."

"म्हणालो असेन."

"इतकी वर्षं मला हात लावू दिला नाहीस. मी झाडायलासुद्धा... आणि आता बरं केलंस?" तिचा आवाज चढला, पण ज्या भांडणासाठी चढवायचा ते समोर उभंच राहत नव्हतं. "मग रागाव ना! निदान एवढं तरी! मी मुद्दाम केलंय, दादा."

दादा मागच्या पायरीवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून. त्याने स्वेटरची घडी सरळ केली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तू काहीतरी करशील असं. फोनवर तू बरी आहे म्हणायचीस ना, मला कळायचं."

"कळायचं तर यायचं नाही?"

"भीती वाटायची."

"कशाची? माझी?"

"तुझीच की." तो खाली बघत म्हणाला. "लग्नाचं मी तुला सांगितलं, विचारलं नाही. आठवतं? विचारलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस, तर मी गेलो नसतो बारके. आणि मला जायचं होतं. म्हणून विचारलं नाही."

वर कुणाच्या तरी घरी नळ सुरू झाला आणि बंद झाला. बारकीने खुरपं भिंतीला टेकवलं. एवढ्या महिन्यांची तयार उत्तरं होती; त्यातल्या एकालाही या वाक्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"मी नको म्हटलं नसतं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. खरं काय ते दोघांनाही माहीत होतं. ती नको म्हणाली असती. तोंडाने नाही, पण म्हणाली असती.

चहा घेऊन तो गेला. जाताना दारात तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती चार दिवसांची असताना ठेवला असेल तसा, अवघडून. ती बादल्या धुवायला मागे गेली, आणि बादली धुता धुता तिला रडू आलं. चांगलं दणदणीत रडू. लग्नाच्या दिवसापासून ते येऊन तुंबलं होतं. नळ चालू होता, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नसावं.

त्यानंतर वहीतले आकडे उतरत गेले. अडतीस, तेहेतीस, मग हवेइतके. वाफा बसत बसत वितीएवढा झाला. पाचव्या महिन्यात तिने हात आत घातला तेव्हा पाल्याचा पाला, पेपराचा पेपर असं काही ओळखता येत नव्हतं. काळी, ओलसर, भुसभुशीत माती, आणि तिच्यात लगबगीने आत पळणारी गांडुळं. पुठ्ठासुद्धा मऊ पडला होता. खालचा राडारोडा जागोजागी सुटला होता. तिने पिशवीत मूठभर भरून रोपवाटिकेत नेली. बाईने ती नाकाशी धरली, आणि बारा वांग्यांची आणि आठ टोमॅटोंची रोपं मोजून दिली.

रोपं लावायला एक सकाळ पुरली. खड्डा, रोप, अंगठ्यांनी दाबायचं, पाणी. वीस वेळा. दोन टोमॅटो मेले. बाकीची धरली.

आता महिन्यातून एका रविवारी दादा आणि वहिनी जेवायला येतात. वहिनी तशी कमी बोलते. तिनेच एकदा बारकीचा चष्मा काढून घेतला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "दांडी सैल आहे तुमची. आणून द्या." बारकी एकदम म्हणाली, "नको. दांडीचं दुकान महागात पडतं आमच्या घराला." तिघंही हसली, दादा सगळ्यात उशिरा.

परवाच्या रविवारी वाफ्यातली वांगी केली होती. बारकी पानं घेत होती तेव्हा दादा पाणी प्यायला उठला. त्याने ओट्यावरचं कपाट उघडलं. तिथे डाळी होत्या. मग बाजूचं उघडलं. तिथे बियांच्या पुड्या, सुतळी, खुरपं. चाळीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात वावरला, तिथे तो हात अर्धवट वर धरून उभा राहिला.

"पेले कुठे ठेवतेस गं?"

"खालच्या फळीवर," ती म्हणाली. "मला वर हात पुरत नाही ना, म्हणून खाली घेतले."

"आधी मी काढून द्यायचो," दादा म्हणाला.

"हो."

त्याने वाकून तीन पेले काढले, विसळले आणि पानांशी नेऊन ठेवले. जेवणं झाली. वांगी चांगली झाली होती, पण जरा कोवळी तोडली होती, आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं. चारच्या सुमाराला दोघं निघाली. बारकी फाटकापर्यंत गेली, आणि रिक्षा वळल्यावरही थोडा वेळ तिथेच उभी राहिली.